बिनतेलाची तळलेली कोंबडी

दोन वर्षांपूर्वी माझ्या हृदयाच्या एका रक्तवाहिनीत स्टेंट बसवला गेला. दवाखान्यातून निघताना डॉक्टरांनी जो कागद हातात दिला, त्यावर पथ्याची पहिलीच ओळ होती, 'तळलेले पदार्थ पूर्ण बंद'. ओळ साधी होती, पण ती वाचताना मला माझी नव्हे, अम्मीची काळजी वाटली. माझी अम्मी आता ब्याऐंशी वर्षांची आहे. बासी ईदेला, म्हणजे ईदेच्या दुसऱ्या दिवशी, कोंबडी तळायची आणि ती अम्मीनेच तळायची, असा आमच्या नांदुऱ्याच्या घरातला साठ वर्षांचा रिवाज. त्या वर्षी मात्र तिने कढई माळ्यावरून खाली काढलीच नाही. "जो खाता नई, उसके सामने क्या तलना," एवढंच ती म्हणाली. घरात दहा खाणारी माणसं होती. पण तिच्या लेखी न खाणारा एकच होता.

पुण्याला असलेल्या माझ्या मुलीने यावर तोडगा काढला. एक दिवस कुरिअरने मोठं खोकं आलं. आत काळ्या रंगाचं, कळशीएवढं एक यंत्र. एअर फ्रायर. म्हणजे हवेवर तळणारं यंत्र. अम्मी आमच्याशी दखनी बोलते, पण शेजारच्या काकूंशी अस्सल वऱ्हाडीत बोलते. तिने कुंपणावरून काकूंना बातमी दिली, "बिनतेलाची तयलेली कोंबडी म्हंते बाप्पा! बिनपान्याची आंघोय झाली हे."

आम्ही सगळे हसलो. पण रात्री मनात आलं, म्हातारीचा सवाल काही चुकीचा नाही. तेलच नसेल तर त्याला तळणं कसं म्हणायचं? मी विज्ञानाचा विद्यार्थी नाही. मराठी घेऊन बी.ए. झालो, कविता लिहितो. तरी या सवालाचं बोट धरून मी शोधत गेलो आणि कढईतून निघालेली वाट कापसाच्या गंजीवरून, रेल्वेच्या फलाटावरून पार सातासमुद्रापलीकडे गेली. ती वाट आज तुम्हाला दाखवायची आहे.

आधी कोंबडीचं बोलू. माझ्या लहानपणी, म्हणजे १९७०च्या दशकात, कोंबडी म्हणजे गावरान कोंबडी. अंगणात दाणे टिपणारी, रात्री डालग्याखाली झाकलेली. ती सहा-आठ महिने फिरून मोठी झालेली असायची; मांस चिवट, हाडं घट्ट. असा तुकडा कच्चाच कढईत सोडला तर वरून करपेल आणि आत दाताला दाद देणार नाही. म्हणून अम्मी तो आधी हळद, मीठ, आलं-लसूण लावून मंद आचेवर उकडून घ्यायची. उकडलेलं पाणी रश्शाला जायचं. मग तुकडे कोरडे करून, तांदळाच्या पिठात रवा आणि तिखट कालवून त्यात घोळवायचे आणि तेलात सोडायचे. एका कोंबडीचे बारा तुकडे आणि खाणारी माणसं चौदा. आम्ही पोरं कढईच्या तळाशी राहिलेल्या चुऱ्यावर भांडायचो.

आज आपण जी कोंबडी खातो ती वेगळी. तिचा इतिहास पुण्यात सुरू होतो. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी तिथे वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि कुक्कुटपालन हा घरच्या बाईचा जोडधंदा न राहता मोठा उद्योग झाला. ब्रॉयलर कोंबडी जेमतेम सहा आठवड्यांत तयार होते. तिचं मांस कोवळं असतं. उकडायची गरज राहिली नाही. मसाला लावा आणि थेट तळा. गावोगावच्या गाड्यांवर लॉलीपॉप आणि चिकन सिक्स्टी-फाइव्ह आलं ते या कोवळ्या कोंबडीमुळेच. गावरान कोंबडीच्या जिवावर असली गाडी एक दिवस चालली नसती.

या धंद्याला एकदा जबर फटका बसला, तोही आपल्याच भागातून. २००६च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू निघाला. भारतातला तो पहिलाच. पाठोपाठ जळगाव जिल्ह्यातही तो सापडला. आमचं मलकापूर ओलांडलं की जळगाव जिल्हा लागतोच. लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या आणि कित्येक दिवस कोंबडीकडे कोणी बघेना. नीट शिजवलेल्या मांसात तो विषाणू टिकत नाही, हे डॉक्टर सांगत होते; पण भीती कोणाचं ऐकते?

आता जरा लांब जाऊ. कुरकुरीत तळलेली कोंबडी म्हटलं की आजच्या पोरांना अमेरिका आठवते. ते खरंही आहे. तिथल्या व्हर्जिनिया प्रांतातल्या मेरी रँडॉल्फ नावाच्या बाईंनी १८२४ साली एक पाकपुस्तक छापलं. त्यात ही कृती आहे. कोंबडीचे तुकडे करा, पिठात घोळवा, मीठ लावा आणि तळा. तळायचं मात्र तेलात नव्हे, डुकराच्या चरबीत. आमच्या घरी ती कृती त्या रूपात चालणारी नव्हे, पण इतिहास म्हणून सांगितली पाहिजे. पुस्तकावर नाव मालकिणीचं असायचं. त्या काळच्या तिथल्या मोठ्या घरांत चुलीपुढे उभ्या असायच्या त्या मात्र आफ्रिकेतून आणलेल्या गुलाम बायका. मसाल्याचा हात त्यांचा, भाजलेले हातही त्यांचेच.

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं आणि गुलामी संपली. हाती जमीन नाही, पैसा नाही, अशा त्या बायका करणार काय? व्हर्जिनियात गॉर्डन्सव्हिल नावाचं एक लहानसं रेल्वेचं गाव आहे. गाड्या तिथे थांबत, आणि तेव्हा गाड्यांत जेवणाचा डबा नसायचा. या बायका घरी कोंबडी तळून, मोठ्या थाळ्या डोक्यावर घेऊन फलाटावर येत आणि खिडकीतून प्रवाशांना विकत. पुढे त्यांना परवान्याचे पैसे भरावे लागले, गाड्यांना जेवणाचे डबे जोडले गेले आणि हळूहळू तो धंदा बसला. पण तोवर त्या कमाईवर कितीकांनी घरं उभी केली होती. त्यांच्यापैकी एकीच्या मुलीने म्हातारपणी सांगितलेली आठवण नोंदली गेली आहे. हे घर माझ्या आईने कोंबडीच्या तंगड्यांवर घेतलं, अशा अर्थाचं ती बोलली होती.

हे वाचलं तेव्हा मी चपापलो. कारण त्याच युद्धाने आमचं गावही बदललं होतं. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला होता. १८६१ला अमेरिकेत युद्ध पेटलं, तिथला कापूस बंदरांत अडकला आणि इंग्लंडच्या गिरण्या ओस पडू लागल्या. मग साहेबाची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली. मुंबईहून निघालेली रेल्वे आमच्या गावावरून पुढे सरकत १८६७ साली नागपूरला पोचली. १८७०ला आमच्या शेजारच्या जलंबपासून खामगावच्या कापूसबाजारापर्यंत खास फाटा टाकला गेला. युद्ध संपताच अमेरिकेचा कापूस परत बाजारात आला, भाव कोसळले आणि शेतकरी कर्जात बुडाला, हा पुढचा भाग तुम्हाला ठाऊक आहे. तो आपल्याकडे अजून संपलेला नाही. म्हणजे ज्या युद्धातून गॉर्डन्सव्हिलच्या बायका मोकळ्या होऊन फलाटावर आल्या, त्याच युद्धाच्या धामधुमीत नांदुऱ्याला फलाट मिळाला. दोन्हीकडे कापूसच होता.

आणि कापूस आला की सरकी आलीच. आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे की तीन किलो कपाशीतून रुई निघते ती साधारण एक किलो, बाकी सरकी. आपण ती ढोरांना घालत आलो. अमेरिकेत तर सुरुवातीला ती कचरा म्हणून फेकली जायची. पुढे तिचं तेल काढलं गेलं. पण ते काळपट आणि उग्र वासाचं, खाणार कोण? एकोणिसावं शतक संपता संपता ते शुद्ध करून त्याचा वास घालवण्याची युक्ती सापडली. मग तेलात हायड्रोजन सोडून ते तुपासारखं थिजवायची युक्ती निघाली. १९११ साली सरकीच्या तेलाचं असं घट्ट 'क्रिस्को' अमेरिकेच्या बाजारात आलं आणि डुकराच्या चरबीची जागा त्याने घेतली. कापसाच्या मळ्यातला कचरा कोंबडीच्या कढईत पोचला तो असा.

आपल्याकडे त्याचा भाऊ आला १९३७ला. डालडा. पिवळ्या डब्यावर नारळाच्या झाडाचं चित्र. त्याआधी वऱ्हाडातल्या घरांत घाणीचं तेल असायचं, जवसाचं, करडईचं, तिळाचं, भुईमुगाचं. तेली घाणीवरून ते आणून देई आणि बाया ते पळीने मोजून वापरत. तळण हा सणाचाच मामला. माझ्या आठवणीत आहे ते रेशनचं पामतेल. सणाच्या महिन्यात कार्डावर जास्तीचं मिळे आणि त्यासाठी लागलेल्या रांगेत ईदवाले आणि दिवाळीवाले एकामागे एक उभे असत. माझे अब्बा जिनिंगमध्ये हमालीला होते. हंगाम संपला की मजुरी संपायची. म्हणून बासी ईदेचं तळण झालं की अम्मी कढईतलं तेल फडक्याने गाळून बरणीत भरायची आणि ते पुढे महिनाभर फोडणीला पुरायचं. आज डॉक्टर म्हणतील, हे वाईट. तेव्हा ते वाया घालवणं वाईट होतं.

डालड्याचा दोष पुढे कळला. थिजवलेल्या तेलात ट्रान्स फॅट नावाची जी चरबी तयार होते, ती रक्तवाहिन्यांची वैरीण. भारतात १ जानेवारी २०२२पासून खाद्यतेलात आणि वनस्पती तुपात तिचं प्रमाण दोन टक्क्यांच्या वर नसावं असा नियम झाला. तेच तेल पुन:पुन्हा तापवण्यावरही हॉटेलांसाठी २०१८पासून मर्यादा आहे. माझ्या छातीतली जाळी नेमकी कोणत्या तेलाने बसवली हे मला कसं सांगता येणार? पण पन्नास वर्षांचा हिशेब त्या नळीत साठला होता एवढं खरं.

असो. आता अम्मीच्या मूळ सवालाकडे येऊ. तळणं म्हणजे काय? कढईत तुकडा सोडला की जे बुडबुडे येतात ते तेलाचे नसतात. ती आतल्या पाण्याची वाफ असते. तेल पावणेदोनशे अंशांच्या आसपास तापलेलं असतं. पाणी शंभरावरच वाफ होऊन पळतं. वरचा थर कोरडा पडला की त्याचं तापमान चढतं आणि एकशे चाळीस अंशांच्या पुढे त्यातली प्रथिनं आणि साखर एकमेकांशी जुळून तो खमंग तांबूस रंग येतो. लुई मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली या क्रियेचं वर्णन केलं, म्हणून तिला त्याचंच नाव आहे. तुकडा बाहेर काढला की आतली वाफ आकसते आणि वर चिकटलेलं तेल आत ओढलं जातं. म्हणजे तेलकटपणा बराचसा कढईबाहेर येताना भरतो. थोडक्यात, कुरकुरीतपणा येतो तो पाणी गेल्यामुळे. तेलाचं काम आच पोचवण्याचं. त्या कामासाठी ते उत्तम वाहन आहे, पण एकमेव नाही.

हे तर आपल्या आज्या पुस्तकाशिवाय जाणत होत्या. आपल्याकडचे पानगे आणि रोडगे गोवरीच्या आरावर खरपूस होतात, त्यांना कुठे तेलाची कढई लागते? रायगडकडे थंडीत 'पोपटी' लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी, आणि मडकं उपडं करून भोवती जाळ. तेल नाही, पाणी नाही. आमच्या लहानपणी ईदेआधी घराघरांतून पत्र्याचे ट्रे घेऊन पोरं बेकरीच्या भट्टीवर नानखटाई भाजायला जायची. मीही तासन्‌तास त्या भट्टीपुढे बसलो आहे. बंद जागेतली गरम हवा काय करू शकते हे मी तिथे पाहिलं होतं. फक्त ओळखलं नव्हतं.

त्या हवेला पंख्याने फिरवलं की ती लवकर काम करते. उन्हात वाळत घातलेले कपडे वारा सुटला की लवकर सुकतात, तसंच. १९४०च्या दशकात अमेरिकेत विल्यम मॅक्सन नावाच्या माणसाने विमानात गोठवलेलं जेवण गरम करायला पंख्याची भट्टी काढली. फ्रेड व्हॅन देर वेइ या डच संशोधकाने ती कल्पना लहान डब्यात बसवली आणि २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात फिलिप्स कंपनीने पहिला एअर फ्रायर मांडला. वर तापणारी कॉइल, तिच्यावर पंखा, खाली जाळीची टोपली. बस्स. नाव तळणीचं, जात भट्टीची. अम्मीची शंका अर्धी बरोबर होती.

यंत्र आलं त्या संध्याकाळी आम्ही पहिला प्रयोग केला आणि तो साफ फसला. मी भज्यांसारखं बेसनाचं सरबरीत पीठ कालवलं. गरम तेलात असं पीठ पडताक्षणी घट्ट होतं. हवेत ते होण्याआधीच गळून जाळीखाली जमा झालं. शिवाय ती वेळ साऱ्या गावाच्या दिव्यांची आणि मोटारींची. घरात व्होल्टेज एकशे ऐंशीच्या आसपास होतं. यंत्र दोनशे तीसवर चौदाशे वॅट खातं. आमच्या गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनने हिशेब सांगितला. व्होल्टेज एवढं उतरलं की कॉइलची ताकद साठ टक्क्यांवर येते. तुकडे शिजले, पण रंग आजाऱ्यासारखा फिका. दुसरी अडचण अशी की आपल्याकडे खाटीक कोंबडी सोलूनच देतो. परदेशातली कोंबडी कातडीसकट असते, त्या कातडीखालची चरबी वितळून तिला कुरकुरीत करते. आमच्या तुकड्याला तो आधार नाही.

अम्मी बाजेवर बसून हे सगळं पाहत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठून आत आली. "पहले पानी पोंछ," ती म्हणाली. मग तिनेच हात घातला. दह्या-मसाल्यात रात्रभर मुरलेले तुकडे तिने निथळले, फडक्याने टिपले. पातळ पीठ नाहीच. तेच जुनं तांदळाचं पीठ, रवा आणि तिखट, कोरडं. घोळवलेले तुकडे दहा मिनिटं तसेच ठेवले, म्हणजे पीठ अंगाला धरतं. वरून दोन चमचे तेल बोटांनी शिंपडलं. टोपलीत चारच तुकडे, एकमेकांना न टेकणारे. एकशे ऐंशी अंशांवर पंधरा मिनिटं, मग उलटून दोनशेवर आठ. वेळ सकाळची, व्होल्टेज पुरेसं. टोपली ओढली तेव्हा तोच रंग होता. तोंडात घातलं आणि तोच आवाज आला. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तकात अम्मीची ही कृती नाही. गॉर्डन्सव्हिलच्या त्या बायका मला त्या क्षणी पुन्हा आठवल्या. त्यांच्या प्रांतात जन्मलेल्या पदार्थाचा चेहरा म्हणून जगभरच्या डब्यांवर एका पांढऱ्या दाढीच्या कर्नलचं चित्र आहे. १९९५ला ते बंगळुरूपर्यंतही आलं. त्या बायकांपैकी कोणाचं चित्र कोणत्या डब्यावर नाही.

यंदाच्या बासी ईदेला आम्ही अकरा माणसं होतो. कढईत तिसेक तुकडे अर्ध्या तासात निघतात. इथे चार-चारच्या फेऱ्या, पहिली फेरी खाऊन झाली तरी शेवटची लागलेलीच नाही. पण मी दोन वर्षांनी अम्मीसमोर बसून तुकडा खाल्ला आणि तिने तो खाताना पाहिला. मी विचारलं, "कसं झालं?" ती म्हणाली, "अच्छा हुआ. पर गल्ली को पता नई चला."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. कढई चढली की वास साऱ्या गल्लीत जायचा, आणि वास गेलेल्या घरी थाळी गेलीच पाहिजे, हा तिचा नियम होता. तेल चढवायचं तर घरापुरतं कोण चढवतो? या डब्याच्या बंद झाकणाआड चार तुकडे गुपचूप होतात. तेल वाचतं, मीही वाचतो, पण शेजाऱ्याला कळत नाही.

तिने पुढच्या दोन फेऱ्या कोणाला खाऊ दिल्या नाहीत. सगळे तुकडे थाळीत ठेवले, वर रुमाल झाकला आणि नातवाला काकूंकडे पिटाळलं. आपल्याकडे थाळी रिकामी परत करत नाहीत. अर्ध्या तासाने ती परत आली तेव्हा तिच्यात गरमागरम कांद्याची भजी होती, चांगली तेलात तळलेली. अम्मीने थाळी माझ्यापासून लांब सरकवली आणि पोरांना हाक मारली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)